वळवाच्या दिवसांसाठी मोठा कौटुंबिक तंबू: कोणता घ्यावा आणि कशासाठी

मे महिन्याची अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा सह्याद्रीत काजव्यांचा हंगाम असतो. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची या बाजूंना त्या दिवसांत पुणे, मुंबई आणि नाशिकहून कुटुंबेच्या कुटुंबे गाडीने जातात आणि अलीकडे त्यांतली बरीचशी मंडळी जागेवर भाड्याने मिळणाऱ्या तंबूंवर विसंबून न राहता स्वतःचा तंबू डिकीत टाकून नेतात. अडचण एवढीच आहे की काजव्यांचा हंगाम हाच वळवाचाही हंगाम आहे. दुपारपर्यंत अंग भाजणारे ऊन, चार वाजता मळभ, मग धुळीचा लोट आणि त्यापाठोपाठ येणारा सोसाट्याचा वारा, हा क्रम घाटमाथ्यावर राहिलेल्या कोणालाही सांगावा लागत नाही. म्हणून डिसेंबरात पवना धरणाच्या काठी दोन रात्री उत्तम लागलेला तंबू हा चांगला तंबू, असे म्हणण्याला फारसा अर्थ नाही. कौटुंबिक तंबूची परीक्षा वळवातच होते आणि हा परीक्षणाचा लेखही तेवढ्यापुरताच आहे.

गरज कोणाची, ते आधी सांगितलेले बरे. नवरा-बायको, दोन शाळकरी मुले आणि अधूनमधून सोबत येणारी आई, असे आमचे घर आहे. गाडी तंबूच्या शेजारपर्यंत जाईल अशाच जागी आम्ही मुक्काम करतो, त्यामुळे वजनाची फिकीर ट्रेकर मंडळींना असते तशी आम्हाला नसते. याउलट आत उभे राहता येणे ही आमच्या दृष्टीने चैन नसून गरज आहे. ज्यांच्या घरी रोज साडी नेसणारी ज्येष्ठ बाई आहे त्यांनी तंबूच्या दुकानात पहिला प्रश्न उंचीचा विचारावा, कारण गुडघ्यांवर बसून साडी नेसता येत नाही आणि पहाटे उघड्यावर नेसण्याची वेळ आली की पुढच्या वेळी आई घरीच राहते.

दुकानात मात्र उंचीवर बोलणे होत नाही, बोलणे होते ते मिलिमीटरवर. अमुक तंबू १५०० मिलिमीटरचा, तमुक ३००० मिलिमीटरचा, असे सांगितले जाते आणि मोठा आकडा ऐकून गिऱ्हाईक निश्चिंत होते. हा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपू लागते याचे माप आहे. छताच्या कापडाला त्याची फारशी कसोटी लागत नाही, कारण उतारावरून वाहून जाणाऱ्या पावसाचा दाब फार थोडा असतो आणि १५०० ते २००० मिलिमीटरचे, शिवणींवर पट्टी चिकटवलेले कापड आपल्याकडच्या मुसळधार पावसालाही पुरते. डेकॅथलॉनच्या केशुआ या ब्रँडचे कौटुंबिक तंबू प्रयोगशाळेत ताशी २०० मिलिमीटर पावसाखाली तपासले जातात, असे कंपनी सांगते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे त्या दिवशीची तासाची सरासरी ४० मिलिमीटरच्याही आत होती. तेव्हा नावाजलेल्या कंपनीचा, सगळ्या शिवणींना आतून पट्टी असलेला तंबू निव्वळ पावसाने हरेल ही भीती मनातून काढून टाकावी. मिलिमीटरचा आकडा खरोखर बघायचा तो तळाच्या कापडाचा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा किंवा कोपर टेकला की त्या एवढ्याशा जागेवर सगळा भार येतो आणि पाणी खालून वर येते.

मोठा तंबू हरतो तो वाऱ्यापुढे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही गोष्ट शाळेत शिकलेली असली तरी तंबू घेताना आठवत नाही. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे १२ किलो वजनाएवढा असतो आणि ताशी ७० किलोमीटरला तो २३ किलोच्या पुढे जातो. उभे राहता येईल अशा तंबूची एक बाजू सहज सहा चौरस मीटरची भरते, म्हणजे पहिल्या वाऱ्यात त्या बाजूवर सत्तर किलोच्या आसपास आणि दुसऱ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट रेटा येतो. हा सगळा रेटा बोटाएवढ्या जाडीच्या दांड्यांनी आणि जमिनीत वीतभर गेलेल्या खुंट्यांनी पेलायचा असतो. आता याला हवामान खात्याच्या भाषेशी जोडून बघावे. वळवाच्या दिवसांत खात्याचे इशारे बहुधा 'मेघगर्जनेसह ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा' किंवा '५० ते ६० किलोमीटर' अशा शब्दांत येतात. केशुआच्या कौटुंबिक तंबूंवर वाऱ्याची जी मर्यादा छापलेली असते ती साधारणपणे ताशी ५० किलोमीटर, म्हणजे कंपनीच्या मापात 'फोर्स ६' एवढी असते. याचा सरळ अर्थ असा की पहिल्या प्रकारच्या इशाऱ्यात चांगला लावलेला तंबू टिकणे अपेक्षित आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या इशाऱ्यात तो लावूच नये. कोणताही विक्रेता हे वाक्य उच्चारत नाही, पण खोक्यावर ते जवळपास लिहिलेलेच असते.

या कसोटीवर चार पर्याय बघितले. त्यांत कोलमनचा सहा जणांचा 'सनडोम' हा सर्वांत साधा. दहा फूट बाय दहा फूट तळ, मधोमध सहा फूट उंची, दोन लांब दांडे एकमेकांना छेदून उभा राहणारा घुमटाकार सांगाडा. सहा जणांचा म्हणतात तो पाच जणांचा समजावा, कारण सव्वातीनशे-साडेतीनशे सेंटिमीटर रुंदी लागते तिथे इथे तीनशे पाचच मिळते. घुमटाचा मोठा गुण असा की वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याच्यापुढे साधारण सारखाच उतार येतो, आणि याच्या सांगाड्याने ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरचा वारा पेलल्याचा कंपनीचा दावाही आहे. पण याचे छप्पर अर्धवट आहे. माथ्यावरची जाळी आणि खिडकीचा वरचा भाग झाकून ते थांबते, बाजूंच्या भिंती उघड्याच राहतात. सरळ पडणाऱ्या पावसाला हे चालते. घाटमाथ्यावरचा पाऊस मात्र अनेकदा आडवा असतो, आणि आडव्या पावसात ज्या भिंतीला बाहेरून दुसरे कापड नाही त्या भिंतीला टेकून झोपलेल्या माणसाची बाजू ओली होणारच. शिवाय यात आधी आतला तंबू उभा करायचा आणि मग वरून छप्पर टाकायचे असा क्रम आहे. पाऊस सुरू झाल्यावर पोहोचलात, तर छप्पर चढेपर्यंत जाळीतून पडलेले पाणी तुमच्या अंथरुणाच्या जागेवर साचलेले असते. नोव्हेंबर ते मार्च याच्याबद्दल माझी तक्रार नाही, वळवासाठी मी तो सुचवणार नाही.

दुसरा केशुआचा 'अर्पेनाझ ४.१'. या नावातला पहिला आकडा माणसांचा आणि दुसरा खोल्यांचा, म्हणजे चार जण आणि एक झोपण्याची खोली. ती खोली २४० बाय २१० सेंटिमीटरची आहे, माणशी बरोबर ६० सेंटिमीटर. चौघांना ती पुरते, पण सामान तिच्यात नेण्याचा विचार करू नये. सामान आणि दिवसाचे बसणे यासाठी पुढे साधारण पाच चौरस मीटरची बैठकीची जागा आहे आणि तिची उंची सुमारे १.९० मीटर असल्याने आमचा साडीचा प्रश्न तिथे सुटतो. आई सोबत असते तेव्हा तिची घडीची खाट याच जागेत बसते. रचना बोगद्यासारखी आहे. बाहेरचे छप्पर आधी उभे राहते आणि झोपण्याची खोली त्याच्या आत टांगलेली असते. या एका गोष्टीचे मोल पावसात पोहोचल्यावर कळते, कारण छप्पर उभे राहिले की त्याखाली कोरड्यात बाकीचे सगळे करता येते, आणि निघताना उलट क्रमाने खोली कोरडीच काढून वेगळ्या पिशवीत भरता येते. छप्पर जमिनीच्या अगदी जवळ येत असल्याने आडवा पाऊसही बाहेरच्याच कापडावर अडतो.

बोगद्याचा दोष त्याच्या आकारातच आहे. मागच्या टोकाकडून येणारा वारा तो उत्तम सोसतो, कुशीवर येणारा वारा त्याला दाबतो. पावसाळा नीट सुरू झाल्यावर घाटमाथ्यावर वारा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा असतो, त्यामुळे शेपूट पश्चिमेला केली की काम भागते. वळवात हा हिशेब चालत नाही. वळवाचा ढग कुठूनही उठतो, बहुतेकदा संध्याकाळी पूर्वेकडून चालून येतो, आणि ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरत असल्याने पहिला झोत एका दिशेने आणि दहा मिनिटांनी दुसरा भलत्याच दिशेने येऊ शकतो. म्हणून वळवात बोगदा लावायचा असेल तर दोन्ही कुशींच्या झाडून सगळ्या ताणदोऱ्या लावल्याच पाहिजेत. दोऱ्या पायात येतात म्हणून त्या गुंडाळून ठेवणारी मंडळी प्रत्येक मुक्कामावर दिसतात. सोबतच्या दोऱ्या पातळ असतात, त्या रात्री दिसत नाहीत हे खरे आहे. त्यांच्या जागी बाजारातून जाड, उठून दिसणारी दोरी घ्यावी, पण दोरी लावावीच. गाडी वाऱ्याच्या बाजूला तंबूला समांतर उभी केली तर एका कुशीला चांगला आडोसा मिळतो, मात्र ताणदोरी गाडीच्या दाराला किंवा चाकाला बांधू नये. मध्यरात्री कोणी ती गाडी हलवणार नाही याची खात्री कोणालाच देता येत नाही.

तिसरा पर्याय हवेच्या नळ्यांचा. केशुआची 'एअर सेकंड्स' ही मालिका दांड्यांऐवजी पंपाने फुगवलेल्या कमानींवर उभी राहते. ०.५ बार, म्हणजे सुमारे ७ पीएसआय एवढा दाब भरायचा असतो आणि तो हातपंपाने भरता येतो. पंप बहुधा वेगळा घ्यावा लागतो, हे विकत घेतानाच विचारावे. वाऱ्यात या कमानी वाकतात आणि झोत गेला की परत उभ्या राहतात, फायबरग्लासच्या दांड्यासारख्या चिरत नाहीत, हा त्यांचा खरा फायदा आहे. उभारणीला एकटे माणूस पुरते, आणि ढग अंगावर येत असताना मुलांना गाडीत बसवून एकट्याने तंबू उभा करता येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण मे महिन्याच्या उन्हात भर दुपारी पूर्ण दाबाने फुगवून ठेवलेल्या नळीतली हवा तापून दाब वाढतो आणि रात्री पावसाने गार झाल्यावर तो उतरून कमानी किंचित मऊ पडतात. म्हणून दुपारी थोडी हवा काढणे आणि संध्याकाळी पुन्हा भरणे हे काम मागे लागते. ज्यांना हे जमेल त्यांनी हा पर्याय जरूर बघावा. या मालिकेत आणि अर्पेनाझमध्येही 'फ्रेश अँड ब्लॅक' नावाचे काळोखी कापड मिळते. त्यामुळे सकाळी आत अंधार टिकतो आणि ऊन कमी जाणवते. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी सातलाच तंबू भट्टीसारखा तापतो, तेव्हा या कापडासाठी जास्त पैसे मोजणे मला पटते.

चौथा पर्याय जाड सुती कॅनव्हासचा. अमेरिकेतल्या कोडियाक कॅनव्हास कंपनीचा दहा बाय दहा फुटी 'फ्लेक्स-बो' हा या प्रकारातला नामांकित तंबू आहे. साडेसहा फूट उंची, पोलादी दांडे, आणि वजन तीस किलोच्या आसपास. अमेरिकेतले मराठी नातेवाईक ज्याची शिफारस करतात तो बहुतेकदा हाच असतो आणि तिथल्या मोकळ्या माळावरच्या वाऱ्यासाठी ती शिफारस योग्यही आहे. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली छिद्रे मिटतात, आतली वाफ मात्र बाहेर जाऊ शकते, त्यामुळे सकाळी छताला आतून पाणी सुटण्याचा त्रास पॉलिएस्टरपेक्षा पुष्कळ कमी होतो. आपल्याकडे मात्र प्रश्न येतो तो घरी परतल्यावर. भिजलेला कॅनव्हास पुरता वाळायला कडक उन्हाचे दिवस लागतात, आणि जूनमध्ये मुंबईच्या किंवा कोकणातल्या घरी तसे ऊन मिळणार कुठून? दोन दिवस दमट अवस्थेत घडी राहिली तरी त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते पुन्हा जात नाहीत. शिवाय मागवण्याचा खर्च आणि हॅचबॅक गाडीची डिकी या दोन्हींचा विचार केला तर हा तंबू ज्यांचे स्वतःचे शेतघर आहे आणि ज्यांना तो महिनोन्महिने एकाच जागी उभा ठेवायचा आहे, त्यांच्यासाठीच आहे. तरी या तंबूकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: त्याच्यासोबत बारा इंची जाड पोलादी खुंट्या येतात.

खुंट्यांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मते तंबूच्या कंपनीपेक्षा खुंटीने जास्त फरक पडतो. बहुतेक तंबूंसोबत पेन्सिलीहूनही बारीक तारेच्या खुंट्या दिलेल्या असतात. त्या युरोपातल्या हिरवळीच्या मऊ मातीसाठी आहेत. घाटमाथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम किंवा कातळ लागतो, कोकणात जांभा लागतो, आणि मे महिन्यात तर काळी मातीसुद्धा विटेइतकी कडक झालेली असते. तारेची खुंटी हातोडीच्या तिसऱ्या घावाला मधोमध वाकते, सरळ करून पुन्हा ठोकली की त्याच जागी वाकते, आणि शेवटी अर्धी बाहेर राहिलेली खुंटी दगड ठेवून दाबली जाते. संध्याकाळी ती घट्ट वाटते. मग पाऊस पडतो, वरची दोन बोटे माती चिखल होते, दोरीला दर झोताला हिसका बसतो आणि प्रत्येक हिसक्यासरशी खुंटी गव्हाच्या दाण्याएवढी वर सरकते. तंबू उडाला असे जे सांगितले जाते त्यात कापड फाटलेले क्वचितच असते, एक खुंटी सुटलेली असते, तिचा भार शेजारच्या दोन खुंट्यांवर गेलेला असतो आणि मग सगळी बाजू एकदम उठलेली असते.

याला उपाय स्वस्त आहे. दहा मिलिमीटरच्या बांधकामाच्या सळईचे फूटभर लांबीचे तुकडे लोहाराकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावेत, एक टोक ग्राइंडरने टोकदार आणि दुसरे आकड्यासारखे वाकवलेले. सळईवरच्या आडव्या नक्षीमुळे ती मुरमात पकड धरते. असे १६ तुकडे साधारण तीन किलो भरतात. पाठीवर न्यायचे असते तर मी हे सुचवले नसते, गाडीला त्याचे काय! सोबत एक किलोची हातोडी असावी. दोरी, कडी, ताडपत्री वगैरेंसाठी पुण्यात बोहरी आळीसारखा बाजार आहे, तिथे सहलीच्या सामानाच्या दुकानापेक्षा ही सगळी रसद निम्म्याहून कमी पैशांत आणि जास्त मजबूत मिळते. खुंटी तंबूच्या उलट दिशेला कललेली, डोक्यापर्यंत आत गेलेली असावी आणि पहिला पाऊस थांबला की कंदील घेऊन एक फेरी मारून सगळ्या पुन्हा ठोकाव्यात. वाळूत यातली एकही खुंटी उपयोगाची नाही. तिथे पोत्यात वाळू भरून, दोरी बांधून ती पोती गुडघाभर खोल पुरावी लागतात. अर्थात वळवाच्या दिवसांत किनाऱ्यावर तंबू लावण्याच्या मी विरुद्ध आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यासह रायगडच्या किनाऱ्यावर आले, ते याच हंगामात.

दांड्यांच्या बाबतीत थोडक्यात एवढेच की फायबरग्लासचा दांडा तुटतो तेव्हा त्याच्या कुसळासारख्या फाका होतात आणि त्या छपराचे कापड आतून फाडतात. ॲल्युमिनियमचा दांडा वाकतो, पण कापड वाचते. मोठ्या कौटुंबिक तंबूंत ॲल्युमिनियम क्वचित आणि महाग मिळते, तेव्हा दांड्यावर बसणारी धातूची एक नळी आणि रुंद चिकटपट्टी सोबत ठेवावी. तुटलेल्या जागी नळी सरकवून दोन्ही बाजूंनी पट्टी गुंडाळली की रात्र निघते.

कापडातून पाणी आले अशी तक्रार जिथे जिथे ऐकू येते तिथे ते पाणी बहुतेकदा बाहेरचे नसतेच. पाच माणसे रात्रभर श्वास घेतात, ओले टॉवेल आत वाळत घातलेले असतात, वारा नको म्हणून सगळ्या खिडक्या बंद केलेल्या असतात आणि मग ती सगळी वाफ गार पडलेल्या छपराला आतून धरते. दुहेरी भिंतीच्या तंबूत हे थेंब बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूने ओघळून जमिनीत जातात, म्हणून आतली खोली छपराला कुठेही टेकणार नाही इतका ताण छपराला हवा. पॉलिएस्टर भिजल्यावर नायलॉनइतके सैल पडत नाही, हा पॉलिएस्टरच्या बाजूचा मुद्दा आहे. तरी पावसानंतर दोऱ्या एकदा ओढून घ्याव्याच लागतात. वरचे झरोके पावसातही उघडे ठेवावेत. झरोक्याला बाहेरून झालर आणि ती उचलून धरणारी काडी आहे ना, हे दुकानात हात लावून बघावे. ज्या तंबूला दोन समोरासमोरचे झरोके नाहीत तो कितीही मोठ्या मिलिमीटरचा असला तरी घेऊ नये.

तळाखाली ताडपत्री अंथरण्याची पद्धत योग्य आहे, पण ती तंबूच्या कडेपेक्षा चार बोटे आतच दुमडलेली असली पाहिजे. बाहेर डोकावणारी ताडपत्री छपरावरून ओघळलेले सगळे पाणी गोळा करते आणि सरळ अंथरुणाखाली आणून सोडते. जागा निवडताना धरणाच्या काठची सपाट, गाळाची जमीन मोह पाडते. ती सोडून थोडा उंचवटा बघावा, कारण गाळात खुंटी धरत नाही आणि वरच्या बाजूला झालेला पाऊस ओहोळातून काही मिनिटांत खाली येतो. आंब्या-जांभळाच्या झाडाखालची सावली दुपारी कितीही हवीशी वाटली तरी रात्रीसाठी तंबू तिथून हलवावा, फांदी आणि वीज या दोन्ही कारणांसाठी. विजेच्या बाबतीत सगळे तंबू सारखेच निरुपयोगी आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप फोनवर ठेवावे, आणि गडगडाट जवळ आला की सगळ्यांनी गाडीत बसून काचा बंद कराव्यात. गाडीचा बंद धातूचा सांगाडा तंबूपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. गाडीने मुक्कामाला जाण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे आणि म्हणूनच रात्री मागच्या सीटवर सामान रचू नये, पाचही जणांना दोन मिनिटांत बसता आले पाहिजे. पाऊस लागला म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत घेणे तर जिवावर बेतणारे आहे. पेटलेल्या कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एक मोठा तंबू घेण्याऐवजी तीन-तीन जणांचे दोन बुटके घुमट आणि बसायला वर एक ताडपत्री, असा पर्याय अनुभवी मंडळी सुचवतात. वाऱ्याच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण कमरेएवढ्या घुमटावर येणारा रेटा फार थोडा असतो. मुले मोठी झाली की आम्हीही कदाचित तिकडेच वळू. सध्या रात्री गडगडायला लागल्यावर दोन्ही मुले एकाच छपराखाली हवी असतात, आणि आईला वाकून आत शिरणे जमत नाही. अशा घरासाठी माझी पसंती अर्पेनाझ ४.१ किंवा त्याच आकाराच्या कोणत्याही दुहेरी भिंतीच्या, आधी छप्पर उभे राहणाऱ्या तंबूला आहे, मात्र खुंट्या आणि दोऱ्या बदलून, आणि ताशी ५० किलोमीटरच्या वरचा इशारा असेल त्या दिवशी मुक्काम रद्द करण्याच्या अटीवर. ज्यांची मुले अगदी लहान आहेत आणि तंबू एकट्यालाच लावावा लागतो त्यांनी थोडे जास्त पैसे घालून हवेच्या नळ्यांचा घ्यावा.

घेतल्यावर पहिली रात्र डोंगरात काढू नये. सोसायटीच्या गच्चीवर तो उभा करावा, तिथे खुंट्या लागणार नाहीत म्हणून कोपऱ्यांना वीस लिटरचे पाण्याचे कॅन बांधावेत आणि बागेच्या नळीने वरून व बाजूंनी अर्धा तास पाणी मारावे. आत एकाने टॉर्च घेऊन शिवणींवर लक्ष ठेवावे, विशेषतः तीन शिवणी जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यांवर आणि चेनच्या खालच्या टोकाशी. तिथे ओल दिसली तर तंबू बदलून मागावा. आणखी कड्या हव्यात म्हणून शिंप्याकडून छपरावर टीप मारून घेऊ नये, सुईचे प्रत्येक छिद्र गळते.

परत आल्यावर तंबू त्याच दिवशी उघडून सावलीत, पंख्याखाली वाळवावा. पॉलिएस्टरला बुरशी कॅनव्हासइतक्या लवकर लागत नाही, पण त्याच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, आंबूस वास मारू लागतो आणि शेवटी पापुद्रे सुटून निघतो. माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेल्या तंबूंचे चार-पाच पावसाळ्यांत हेच होते. तो सुती खोळीत, सैल घडी घालून, कपाटात ठेवावा. जुना तंबू कोणाकडून विकत घेत असाल तर फोटोंवर जाऊ नका. तो पूर्ण उघडून छपराची आतली बाजू बोटाने चोळा आणि वास घ्या. बोट जरासे जरी चिकटले तरी तो तंबू किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका, कारण गेलेला थर पुन्हा लावून मिळत नाही.